रक्ताची मालकी

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचे, म्हणजे देहरूपी शेताचे, स्वरूप सांगण्याच्या ओघात ज्ञानदेवांनी शरीराच्या मालकीचा एक दावाच उभा केला आहे, आणि तो अशा अस्सल गावकीच्या भाषेत उभा केला आहे की, शके १२१२ मधला हा ग्रंथ वाचता वाचता आपण एखाद्या चावडीवर पाटील-कुलकर्ण्यांच्या समक्ष जमिनीच्या तंट्याची सुनावणी ऐकत बसलो आहोत असे वाटू लागते. जीववादी प्रथम पुढे होतात. त्यांचे म्हणणे असे की, ही जमीन समूळ जीवाची. प्राण हे तिच्यावरचे कूळ, त्याचे चार भाऊ अंगमेहनतीने राबतात, मन वहिवाट पाहते आणि इंद्रियांचे बैल रात्रंदिवस विषयांच्या रानात जुंपलेले असतात. सांख्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, हे वतन प्रकृतीचे. जीव हा वाटेने जाता जाता मुक्कामाला उतरलेला वाटसरू आणि प्राण हा बलुतेदार. त्यांच्यामागून संकल्पवादी येतात, स्वभाववादी येतात, कालवादी येतात. प्रत्येकजण आधीच्याचे कागद खोटे ठरवून आपली सनद पुढे करतो, आणि इतके सगळे होऊनही कोणा एकाच्या बाजूने हुकूमनामा झाला असे काही घडत नाही.

या तंट्यात एका साक्षीदाराची जबानी राहून गेली, आणि ती राहणे अपरिहार्यच होते, कारण ती घेण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. उजव्या अंगाला बरगड्यांच्या आड असलेले, प्रौढ माणसात सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हा तो साक्षीदार होय. शरीर कोणाचे हा प्रश्न ज्याला खरोखर पडला असेल त्याने आधी रक्त कोणाचे हे विचारावे, कारण घराणे, भाऊबंदकी, सूड, शपथ ही आपलेपणाची सारी भाषा आपण रक्तावर उभी केली आहे. आणि रक्ताची चौकशी मांडली की यकृताला बोलावल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यकृताला या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे हे प्राचीनांनी ओळखले होते. चरकाने रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृतात आणि प्लीहेत मानले. सुश्रुताच्या मते अन्नापासून झालेला पाण्यासारखा रस या दोन स्थानी पोचला म्हणजे तांबडा होतो. दूर रोमच्या साम्राज्यात, दुसऱ्या शतकात, गॅलेन या वैद्यानेही आतड्यांतून आलेल्या अन्नरसाचे रक्त यकृतातच होते असा सिद्धांत मांडला आणि तो युरोपात चौदाशे वर्षे जवळजवळ निर्वेधपणे चालला. पुढे १६२८ मध्ये हार्वेने रक्त वर्तुळाकार फिरते हे दाखविले; १६५१ मध्ये पेके या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने अन्नरसाचा काही भाग यकृताला टाळून छातीतल्या नलिकेने परस्पर हृदयाजवळच्या शिरेत जातो असे प्रसिद्ध केले; आणि लगेच १६५३ मध्ये कोपनहेगनच्या बार्थोलिनने यकृताच्या थडग्यावर कोरण्यासाठी एक मृत्युलेख लिहून रक्तनिर्माता म्हणून त्याचा अधिकार संपल्याची द्वाही फिरविली. एका अवयवाचे असे विधिपूर्वक उत्तरकार्य करण्याचा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात दुसरा माझ्या पाहण्यात नाही. मौज अशी की, ज्याचे उत्तरकार्य झाले तो जिवंत होता.

नळीत थोडे रक्त घेऊन, ते न गोठण्याची तजवीज करून, तसेच उभे ठेवले तर काही वेळाने त्याचे थर पडतात. तळाशी गडद तांबडा गाळ, त्यावर पांढुरक्या रंगाची एक बारीक रेघ, आणि वर गवताच्या काडीच्या रंगाचा, किंचित चिकट, जवळजवळ पारदर्शक द्रव. बार्थोलिनच्या काळापासून सर्वांचे लक्ष तळाच्या तांबड्या भागाकडे होते, आणि त्या भागापुरते बार्थोलिनचे म्हणणे खरेही ठरले, कारण प्रौढ माणसाच्या तांबड्या पेशी अस्थिमज्जेत होतात. (गर्भात असताना मात्र काही महिने त्या मुख्यतः यकृतातच होतात, म्हणजे चरक-सुश्रुतांचे आणि गॅलेनचे विधान आपणा प्रत्येकाच्या बाबतीत एके काळी अक्षरशः सत्य होते.) वरचा पिवळसर द्रव, ज्याला रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात, तो रक्ताच्या निम्म्याहून अधिक असतो, त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्या प्रथिनांपैकी प्रतिपिंडे व काही किरकोळ अपवाद वगळले तर बाकीची बहुतेक सर्व यकृताच्या पेशींत तयार होतात. त्यांत सर्वांत विपुल ते अल्ब्युमिन, ५८५ अमिनो आम्लांची एक लांब साखळी, जी यकृत रोज १० ते १५ ग्रॅम तयार करते आणि साठवून न ठेवता लगोलग रक्तात सोडून देते.

अल्ब्युमिन काय करते हे ते कमी पडल्यावाचून सहसा कळत नाही. यकृताच्या दीर्घ आजाराने खंगलेल्या माणसाच्या उशाशी ज्यांनी रात्री काढल्या असतील त्यांना डॉक्टरांची एक कृती आठवत असेल: पांघरूण बाजूला सारून ते रुग्णाच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरतात, काही क्षणांनी उचलतात, आणि तेथे पडलेला खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते पाहत राहतात. हात बारीक झालेले, गालफडे बसलेली, आणि पोट तेवढे जलोदराने तट्ट फुगून त्यावरच्या शिरा निळसर दिसू लागलेल्या. हे पाणी बाहेरून आलेले नसते. रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म भिंतींतून पाणी सतत बाहेर पाझरत असते आणि रक्तद्रवातली प्रथिने त्याला परत ओढून धरीत असतात, हा समतोल स्टार्लिंगने १८९६ मध्ये उलगडून दाखविला. त्या ओढीचा सुमारे तीन चतुर्थांश भार एकटे अल्ब्युमिन वाहते. आजारी यकृतातून वाहणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, अल्ब्युमिनची पैदास घटते, आणि शरीराचे स्वतःचे पाणी शरीरातच भलत्या ठिकाणी जाऊन बसते. त्याच रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले तर त्याचे कारणही बहुधा तेथेच सापडते, कारण प्रोथ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन आणि रक्त गोठविणारे इतर बरेचसे घटक यकृतातूनच येतात.

आता तंट्याकडे वळू. माझे रक्त असे मी म्हणतो तेव्हा मी जीववाद्यांचा पक्ष घेतो: करणारा मी, म्हणून केलेले माझे. या पक्षाची सर्वांत कठोर उलटतपासणी १९५१ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली, जरी ती करणाऱ्यांच्या मनात असा काही विचार असण्याचे कारण नव्हते. लिऑन मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी एका उंदराचे यकृत शरीरातून काढून घेतले, ते उबदार ठेवले, आणि प्राणवायू मिसळलेले, न गोठणारे उंदराचेच रक्त आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या मोठ्या शिरेच्या वाटेने त्यातून कित्येक तास फिरवत ठेवले. त्या रक्तात लायसिन हे अमिनो आम्ल घातले होते आणि त्यातला एक कार्बन किरणोत्सारी होता, म्हणजे हे लायसिन पुढे कोठेही गेले तरी त्याचा माग लागावा. काही तासांनी फिरत्या रक्तातली प्रथिने वेगळी करून तपासली तेव्हा तो कार्बन त्यांत सापडला. अल्ब्युमिनमध्ये सापडला, फायब्रिनोजेनमध्ये सापडला, आणि प्रथिने तयार होण्याचा वेग अखंड प्राण्याच्या तोडीचा होता. पुढे याच मंडळींनी उलट बाजूने, यकृत वगळून उरलेल्या शरीराचा असाच प्रयोग केला, तेव्हा नव्या प्रथिनांत मुख्यतः गॅमा ग्लोब्युलिने, म्हणजे प्रतिपिंडांचा वर्ग, तेवढा दिसला.

या प्रयोगाच्या वर्णनापाशी मी पुष्कळ वेळा थबकलो आहे. उंदीर उरला नाही. त्याची भूक, भीती, बिळाची आठवण, जे काही त्याचे मी म्हणण्यासारखे असेल ते सर्व, संपले. आणि त्याचे यकृत, काचेच्या पात्रात, नेहमीच्या वेगाने त्याचे रक्त तयार करीत राहिले. ते रक्त कोणाचे? जीवाचे म्हणावे तर जीव निघून गेला आहे. सांख्य येथे नक्कीच हसले असते, कारण वाटसरूचा मुक्काम हलला तरी बलुतेदाराचे काम चालूच आहे हे त्यांना अभिप्रेत असलेले दृश्य प्रयोगशाळेने जणू त्यांच्यासाठीच मांडून ठेवले होते.

अशा ठिकाणी एखादा कीर्तनकार यकृताला निष्काम कर्मयोगी ठरवून मोकळा होईल, आणि श्रोते माना डोलावतील. मला ते पटत नाही. फळाची आशा सोडणे यात आशा असू शकते हे गृहीत आहे. ज्याला आशा धरताच येत नाही त्याच्या अंगी वैराग्य चिकटविण्याने यकृताचा गौरव होत नाही आणि गीतेचा अर्थ मात्र पातळ होतो. कर्मयोग अवघड आहे तो अर्जुनाला, कारण त्याला युद्ध टाळताही येत होते.

शिवाय यकृत तरी स्वतंत्र कोठे आहे? त्याच्याकडे येणारा माल आतड्यांकडून येतो, आणि डाळीतले प्रथिन डाळीचे म्हणून येत नाही; त्याची सर्व ओळख पुसून, सुटी अमिनो आम्ले होऊन येते. प्रोथ्रॉम्बिन यकृत तयार करते खरे, परंतु के जीवनसत्त्वावाचून ते निकामी राहते, आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पाल्यातून किंवा आतड्यांतल्या जंतूंकडून मिळवावे लागते. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना ते सापडले आणि त्याबद्दल त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नवजात अर्भकाला जन्मताच के जीवनसत्त्वाची सुई टोचतात ती याच कारणाने, की त्याच्यापाशी या द्रव्याचा साठा जवळजवळ नसतोच. शरीरात कोठे जंतूंचा संसर्ग झाला की तेथल्या पेशी रक्तावाटे खलिता धाडतात आणि यकृत आपले नेहमीचे काम बाजूला ठेवते: अल्ब्युमिनची पैदास मंदावते, आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन नावाचे एरवी नगण्य असलेले प्रथिन शेकडो पटींनी वाढते. म्हणजे यकृत हे मालक नव्हे, हे त्याच्याच जबानीतून निघते. भृगूने तैत्तिरीय उपनिषदात तप करून प्रथम अन्नालाच ब्रह्म म्हणून ओळखले, आणि तेवढ्यावर समाधान न होऊन तो बापाकडे परतला व पुन्हा तपाला बसला. यकृताची साक्ष ऐकल्यावर भृगूची ती अस्वस्थता मला अधिक समजते. अन्नाचा हक्क खरा आहे, पण तो यकृताच्या दारापाशी संपतो.

आता ईश्वरी योजनेचे पक्षकार घेऊ. त्यांचा युक्तिवाद असा की, इतके नेमके, इतके आवश्यक, इतके विपुल प्रथिन ज्याने रचले त्याने ते हेतूने रचले असले पाहिजे. यावर १९५४ मध्ये जर्मनीत बेनहोल्ड यांनी वर्णिलेल्या एका वैचित्र्याने फार मोठी शंका उभी केली. काही विरळ माणसे जन्मतःच अल्ब्युमिनवाचून असतात. त्यांच्या रक्तद्रवात ते जवळजवळ शून्य असते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाहिले तर या माणसांचे शरीर पाण्याने फुगून जायला हवे. प्रत्यक्षात ती चालतात, बोलतात, प्रौढ होतात; पायांना थोडी सूज, थोडा थकवा, रक्तात वाढलेली चरबी, एवढ्यावर निभावते, कारण दुसरी प्रथिने वाढून उणीव बरीचशी भरून काढतात. जे अत्यावश्यक म्हणून ईश्वराच्या योजनेचा पुरावा मानले ते इतके अत्यावश्यक नव्हते. मी ईश्वर नाही असे म्हणत नाही. रक्ताच्या रचनेवरून त्याचा हेतू वाचण्याची घाई करू नये, एवढेच म्हणतो. येथे स्वभाववादी आपला पक्ष बळकट झाला असे समजतील, आणि निदान या एका मुद्द्यावर त्यांना विरोध करणे मला जड जाते.

कालवाद्यांचा पुरावा आणखी निराळा आहे. अल्ब्युमिनच्या रेणूंपैकी निम्मे सुमारे वीस दिवसांत नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी सातव्या क्रमांकाच्या घटकाची हीच मुदत तासांत मोजावी लागते. नागसेनाने राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देऊन विचारले होते की, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच की वेगळी. बौद्ध पंडिताला आज रक्तद्रवाइतका सोयीचा दाखला मिळणार नाही. वेदान्ती त्याच वस्तुस्थितीवरून उलटे अनुमान काढतो: एवढे सगळे बदलते आणि तरी मी तोच, म्हणून न बदलणारा साक्षी असलाच पाहिजे. माझ्या मते दोघेही पुराव्यापेक्षा जास्त मागतात. रेणू बदलतात पण रेणू घडविण्याची पद्धत बदलत नाही. ती यकृताच्या प्रत्येक पेशीच्या गुणसूत्रांत लिहिलेली असते, आणि येथे जे टिकते ते तेवढेच. पद्धतीच्या सातत्यावरून आत्म्याचे सातत्य सिद्ध होत नाही, आणि रेणूंच्या नाशावरून त्याचा अभावही सिद्ध होत नाही.

मात्र ती पद्धत ज्याच्या यकृतात लिहिलेली आहे तो ज्या कुळात जन्मला त्याची, असे म्हणणारा एक पक्ष ज्ञानदेवांच्या यादीत नाही आणि आपल्या समाजात सर्वांत प्रबळ आहे. वंशाचा पक्ष तो. लग्नाच्या बैठकीत, वाटणीच्या भांडणात, निवडणुकीच्या सभेत आमचे रक्त म्हणून छातीवर हात मारला जातो तेव्हा तोच बोलत असतो. त्याच्या विरुद्ध पुरावा यकृताच्या प्रत्यारोपणाने पुढे आणला. डेन्व्हरमध्ये टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये एका माणसाचे यकृत दुसऱ्याच्या शरीरात बसविण्याचा पहिला प्रयत्न केला. त्यांचे सुरुवातीचे रुग्ण फार दिवस जगले नाहीत, परंतु त्यांच्या रक्ताच्या तपासणीतून एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. रक्तद्रवात हॅप्टोग्लोबिन नावाचे एक प्रथिन असते, फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन पकडून ठेवणे हे त्याचे काम. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि ते आईबापांकडून मुलांकडे इतक्या नियमाने उतरतात की, पितृत्वाच्या दाव्यांत त्यांचा पुरावा म्हणून उपयोग केला जात असे. दुसऱ्याचे यकृत बसविल्यावर रुग्णाच्या रक्तातले हॅप्टोग्लोबिन दात्याच्या प्रकाराचे झालेले आढळले. ज्या पुराव्यावर न्यायालय बाप ठरवीत होते तोच पुरावा या माणसाच्या बाबतीत एका परक्याकडे बोट दाखवू लागला. प्रतिपिंडे मात्र त्याची स्वतःचीच राहिली, आणि तांबड्या पेशीही, कारण त्या मज्जेच्या. अशा माणसाच्या एका नळीभर रक्तात आज दोन घराणी एकत्र नांदत असतात, आणि तो सकाळी उठून बायकोला त्याच नावाने हाक मारतो, जुन्या उधारीची त्याला आठवण असते, आणि देवाला नमस्कार करताना आपल्याच कुलदैवताचे नाव त्याच्या तोंडी येते.

देह म्हणजेच आत्मा म्हणणाऱ्या चार्वाकालाही हा पुरावा अडचणीचा आहे, पण तो मेंदूच्या आडोशाला जाऊन उभा राहील, आणि मेंदू बदलला तर काय या त्याच्या प्रश्नाला आज कोणापाशी उत्तर नाही. वंशवाद्याला मात्र असा आडोसा नाही. ज्या द्रवाची त्याने शपथ घेतली तो द्रव दुसऱ्याच्या यकृताने करून दिला तरी माणूस तोच राहतो, एवढे सिद्ध झाले की त्याचे म्हणणे खारीज करण्यास दुसरा पुरावा नको. जीव, प्रकृती आणि काळ यांचा वाद खुशाल चालू राहावा. वंशाचे नाव या दाव्याच्या दफ्तरातून कमी व्हावे, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

आणि हा अभिप्राय ज्यांना पटेल त्यांच्यापुढे एक व्यावहारिक गोष्ट ठेवतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आपल्या देशात मेंदूमृत व्यक्तीचे यकृत नातेवाइकांच्या संमतीने दुसऱ्याला देता येते, आणि जिवंत नातेवाइकाला आपल्या यकृताचा भाग देता येतो; राहिलेला भाग पुन्हा वाढतो. अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाला डॉक्टर हा प्रश्न विचारतात तेव्हा देह अखंड अग्नीला दिला पाहिजे असे उत्तर पुष्कळदा येते, आणि ते धर्माच्या नावाने येते. दुःखात बुडालेल्या माणसांशी वाद घालू नये हे खरे, म्हणूनच ही गोष्ट घरात सगळे धडधाकट असताना बोलून ठेवावी, अवयवदानाची आपली इच्छा लेखी करून घरच्यांच्या स्वाधीन करावी, आणि वेळ आलीच तर घरच्यांनी संमती द्यावी, अशी वाचकांना माझी विनंती आहे.